शिवणीबाहेरचं खणाचं टोक

माझी भाची घरबसल्या ऑनलाइन साड्या विकते. परवा तिचा फोन वाजला आणि ती कपाळाला हात लावून बसली. गिऱ्हाईक म्हणत होतं, पार्सल मिळालं नाही. मोबाईल म्हणत होता, मिळालं. दोघांत खरं कोण हे ठरवणारा तिसराच कुणी दूरच्या शहरात बसलेला, आणि त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. "आत्या, तुमच्या वेळी बरं होतं," ती म्हणाली. "हरवलं की हरवलं. पैसे परत दिले की सुटलात."

हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. आमच्या वेळी हरवलेलं पार्सल घरात येऊन बसायचं. जेवताना आठवायचं, अंघोळ करताना आठवायचं. पैसे परत देणं हा त्यातला सगळ्यांत सोपा भाग होता.

जळगावच्या जुन्या गावात, एका बोळात आमचं दुकान होतं. साल म्हणाल तर ऐंशीच्या दशकाचा मध्य ते नव्वदच्या दशकाचा शेवट. आमचे 'हे' देवांचे मुखवटे, मुकुट, नथी, प्रभावळी घडवायचे. पितळ, जर्मन सिल्व्हर, आणि ऐपत असेल त्याला चांदी. त्यांचा हात चालायचा, तोंड चालत नसे. तोंडाचं खातं माझ्याकडे होतं. पत्रव्यवहार, पार्सल, तक्रारी, भांडणं, सगळं मी.

आमची निम्मी विक्री टपालानं व्हायची. खानदेशातली माणसं पोटासाठी सुरत, नवसारी, कल्याण, नाशिक अशी पांगली होती. देव सोबत नेले होते, पण देवांना लागणाऱ्या वस्तू तिकडे आपल्या घडणीच्या मिळत नसत. मग पोस्टकार्ड यायचं: 'आमच्या देवीस नथ पाहिजे, नाक करंगळीएवढे आहे.' आम्ही व्ही.पी.नं माल पाठवायचो. म्हणजे पोस्टमन दारात पार्सल देणार, पैसे घेणार, आणि ते पैसे मनिऑर्डरीनं आमच्याकडे येणार. यात गिऱ्हाइकाला काही जोखीम नसते. त्यानं पार्सल नाकारलं तर जाण्याचा खर्च आमचा, येण्याचाही आमचा. सासूला मुकुट आवडला नाही म्हणून परत आलेली पार्सलं मी इतकी पाहिली आहेत की त्या सासवांचं एक मंडळ काढता आलं असतं.

काही गिऱ्हाइकं आगाऊ पैसे पाठवायची. अशांचं पार्सल हरवलं तर आम्ही पैसे परत करायचो. ह्यांचा नियम होता, वाद घालायचा नाही. ते म्हणायचे, "पैसे द्यायचे आणि मान खाली घालायची. त्यानं पैसे घेतले की त्याचं आपल्याशी बोलणं संपतं." आणि तसंच व्हायचं. पैसे परत घेतलेलं गिऱ्हाईक पुन्हा कधी आलं नाही. शिव्या देणारे यायचे, पैसे घेणारे नाही. पैसे परत घेणं म्हणजे वस्तू गेली हे कबूल करणं. एकदा कबूल केलं की माणूस त्या दुकानाकडे बघतसुद्धा नाही.

विचित्र प्रकार पुष्कळ झाले. यावलकडचं एक पार्सल 'घेणार मयत' असा शेरा घेऊन परत आलं. मी हळहळले, तो मुकुट बाजूला काढून ठेवला. आणि आठवड्यातच तो मयत माणूस काउंटरपुढे उभा राहून माझ्यावर ओरडत होता, माझा माल अजून का आला नाही म्हणून! त्याच्या गावात त्याच नावाचा दुसरा एक जण वारला होता. मी त्याला आधी पाणी दिलं, मग बसवलं, आणि तो पाणी पितोय ना हे जरा निरखूनच पाहिलं. भुसावळच्या एकानं कळवलं की खोक्यात मुखवट्याऐवजी कौलाचा तुकडा निघाला. खोक्यावरचं शिवलेलं कापड परत मागवलं तर शिवण माझी नव्हती. वाटेत त्याच्या मेव्हण्यानंच उसवलं होतं.

शिवण मी लगेच ओळखायचे, कारण प्रत्येक पार्सल मी स्वतः शिवायचे. लाकडी खोका, आत वाळलेलं गवत, वरून मांजरपाट, दाभणानं घट्ट टाके, आणि टाक्यांवर लाख ओतून आमचा पितळी शिक्का. देवीचा मुखवटा असला तर आणखी एक गोष्ट. माझ्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत होती की देवी रिकामी पाठवायची नाही. तिच्यासोबत खोक्यात नारळ, हळदकुंकू आणि खण ठेवायचा, आणि त्या खणाचं एक टोक शिवणीबाहेर राहू द्यायचं. सुरुवातीला मला ते बावळटपणाचं वाटे. पण खानदेशात त्या लाल टोकाचा उपयोग 'नाजूक वस्तू' असं लिहिण्यापेक्षा जास्त होतो. हमाल ते पार्सल फेकत नाही. कुणी त्यावर पाय ठेवत नाही. आत कोण आहे ते सगळ्यांना समजतं.

या टोकामुळेच केसरअक्कांचं प्रकरण घडलं.

केसरअक्का शिंदखेड्याकडच्या. विधवा, साठीच्या आसपासच्या, काठीसारख्या ताठ. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची कानबाई होती. बाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. कुठे नुसता नारळ सजवतात, कुठे मुखवटा असतो. तिच्यासाठी दळलेल्या गव्हाचे रोट होतात, आणि ते फक्त भाऊबंदकीनं, म्हणजे एका कुळातल्या माणसांनी खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन तिला निरोप देतात आणि मुखवटा परत घरात येतो. ज्या घरी जुनी कानबाई, त्या घरी सगळी भाऊबंदकी गोळा होते. केसरअक्कांना मूलबाळ नव्हतं. दीर वेगळा राहायचा, आणि कानबाई आपल्याकडे यावी म्हणून टपलेला होता.

आषाढात त्या मुखवटा मांडीवर घेऊन दुकानात आल्या. जुन्या चांदीचा तो चेहरा. नथीचं भोक झिजून फाटलं होतं. डोळे शिंपल्याचे, बुबुळं काळी. ह्यांनी तो उजेडात धरला आणि बराच वेळ खालीच ठेवला नाही. असं ते क्वचित करायचे.

"अक्का, तुम्हीच न्यायला या," मी म्हटलं.

"निंदनी चालू शे. मी धुय्यालगून येसू. तठलगून तू पोचाड," त्या म्हणाल्या. मग मुखवट्याकडे पाहून हसल्या. "मना घरमा आते मी आनि ही, दोनीच. मी जठे बसस तठे ही मनाकडे देखस. चूल पुढे बसनू तरी, दारमा बसनू तरी."

अशी किमती वस्तू आम्ही टपालानं पाठवत नसू. त्यासाठी आंगडिया असतो, म्हणजे व्यापाऱ्यांच्या मौल्यवान वस्तू हातोहात पोचवणारा माणूस. आमचे चिंधूनाना रोज सकाळच्या गाडीनं धुळ्याला जायचे आणि दुपारी परतायचे. उतारवयाचे, डोक्याला पागोटं, कधी कुणाची सुईसुद्धा इकडची तिकडे झालेली नव्हती. मी पार्सल शिवलं, खणाचं टोक बाहेर ठेवलं आणि शुक्रवारी सकाळी त्यांच्या हातात दिलं. रविवारी कानबाई बसायची होती.

दुपारी नाना परत आले ते केसरअक्कांना घेऊनच. नानांच्या हातात पार्सल नव्हतं. त्यांनी पागोटं काढून काउंटरवर ठेवलं.

"बाई, मी खोटं बोलत नही," ते म्हणाले. "पारोळाना पुढे एक बाई मना शेजारे येईसन बठनी. जवान बाई. हिरवं लुगडं, ओलंचिंब. खणनं टोक दखं तिनी. म्हने, 'नाना, तुम्हना पाय दुखतस. द्या, मी मांडीवर लेस.' मी दिधं. जरासा डोळा लागना. उघडा तव्हय एक फाटा मांगे पडेल व्हता, बाई नही, पार्सल नही. सीट ओली."

"पाऊस कुठे आहे नाना?" मी विचारलं. दहा-बारा दिवस आभाळ कोरडं होतं. रस्त्यावर धूळ उडत होती.

"तेच ते," नाना म्हणाले. "कंडक्टरले इचारं. तो म्हने, फाटावर कोनी उतरनंच नही."

त्यांच्या धोतराची एक बाजू अजून दमट होती. मी हात लावून पाहिला. मी देवभोळी नाही, संशयी आहे. माझा पहिला संशय नानांवर होता, दुसरा त्या कंडक्टरवर, तिसरा केसरअक्कांच्या दिरावर. दिरावरचा मला सगळ्यांत आवडला होता.

मी गल्ला उघडला. ह्यांच्या नियमानं जे द्यायचं ते द्यायला. अक्कांनी माझा हात गल्ल्यातच दाबून धरला.

"पैसा ठेव तुना जोडे. मले पैसा नको. रविवारले बठ्ठी भाऊबंदकी मना घर येई. चौरंगवर मी काय बसाडू? ती शे म्हनीसन लोक मना दारमा येतस. ती नही, तर मी कोन?"

मी गल्ला बंद केला. अक्का ती रात्र आमच्याकडे राहिल्या. जेवल्या नाहीत.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं, अक्का, नाना आणि मी, धुळ्याच्या गाडीत बसून त्या फाट्यावर उतरलो. एक निंबाचं झाड, चहाची एक टपरी आणि आत गावाकडे जाणारी गाडवाट. गाव कोसभर आत. टपरीवाल्याला विचारलं, काल दुपारच्या आधी कुणी बाई पार्सल घेऊन उतरली का?

"कोनी नही उतरनं. मी आठेच व्हतू," तो म्हणाला. चहा गाळता गाळता थांबला. "पन एक सांगू? त्या पलीकडला मळामा हरणाबाईनं घर शे. काल सांजले तठे जातं फिरनं. इतला सालमा पहिलांदा. तेस्ना घर कानबाई बंद व्हयेल शे. मग दळतस कसाले?"

अक्का तोवर चालायला लागल्या होत्या.

मळ्यातलं घर एकटंच होतं. विहिरीत डोकावले तर तळाला नुसता गाळ. अंगण मात्र ताजं सारवलेलं. दारात धुडकूआबा, हरणाबाईचे नवरे, केळीच्या खांबांना सुतळी बांधत होते. आम्हाला पाहून ते दचकले नाहीत. आम्ही येणार हे त्यांना माहीत असावं, असं मला उगीच वाटलं, आणि ते मला आवडलं नाही.

आत चौरंगावर आमचा मुखवटा होता. ह्यांनी नथीच्या भोकाशी चांदीची चकती जोडली होती, ती मी दारातून ओळखली. पुढे हरणाबाई बसली होती, पिठानं माखलेले हात मांडीवर घेऊन.

मांजरपाटाचं कापड घडी घालून कोनाड्यात ठेवलं होतं. मी ते उलगडलं. शिवण कुणी उसवली नव्हती, कापली होती, व्यवस्थित. आमचा शिक्का शाबूत होता. आणि पत्ता? शाई पसरून सगळं निळं निळं झालं होतं. एक अक्षर वाचता येत नव्हतं. पाण्यात बुडवल्याशिवाय असं होत नाही. खोका मात्र आतून कोरडा, गवतसुद्धा कुरकुरीत.

"हे तुमच्याकडे कसं आलं?" मी विचारलं.

हरणाबाई वळली नाही. मुखवट्याकडे बघतच बोलली, "काल दुपारले आंगनमा कोनी तरी 'माय' म्हने. मी बाहेर उनू. कोनीच नही. ओटावर ही बठेल. खणनं टोक दखं, मग मी तिना पायवर पानी टाकं, घरमा लयी उनू. दारमा उनेल कानबाईले कोनी परत धाडस का?"

कुठल्याही दुसऱ्या मुलखात माणसानं आधी पत्ता वाचायचा प्रयत्न केला असता, पोस्टात नेऊन दिलं असतं, निदान शेजाऱ्याला विचारलं असतं. आमच्याकडे लाल टोक दिसलं की पाण्याची धार आणि आरती. आणि एकदा उंबऱ्याच्या आत घेतली की सोमवारी निरोप देईपर्यंत तिला कुणी हलवत नाही. माझ्याच हातानं बाहेर ठेवलेलं ते टोक.

धुडकूआबांनी आम्हाला ओट्यावर बसवून हळू आवाजात सांगितलं. त्यांना एकच मुलगी, तुळशी. लग्नानंतर पहिल्या कानबाईला ती माहेरी यायला निघाली. आईनं तिच्यासाठी हिरवं लुगडं आणून ठेवलं होतं. सासरच्या गावाजवळच्या नाल्याला लोंढा आला आणि बस गाठायच्या घाईत ती त्यात शिरली. इकडे आई-बाप फाट्यावर वाट पाहत बसले होते, शेवटची गाडी गेली तरी. त्या सालापासून घरात कानबाई बसली नाही. ज्या देवीसाठी पोर निघाली ती पोचली नाही, मग ती देवीही नको, असं हरणाबाई म्हणाली होती.

"लुगडं तेवढं ठी दिधं," आबा म्हणाले. "कोरंच शे. दर श्रावणमा हवा लागाले काढस ती."

त्यांनी हात केला तिकडे आम्ही पाहिलं. ओसरीतल्या दोरीवर हिरवं लुगडं टाकलेलं होतं. काठाच्या टोकाशी पाणी जमत होतं आणि जमिनीवर पडत होतं. सारवणावर तिथे एक काळा ठिपका झाला होता.

नाना उठले, अंगणापलीकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. गाडीत दिसलं ते हेच लुगडं का, हे त्यांना मी कधी विचारलं नाही.

आता सरळ विचार कर, मी स्वतःला म्हटलं. म्हातारीनंच ते लुगडं नेसून पार्सल उचलून आणलं असेल. मी आबांना तसं आडून विचारलं. ते म्हणाले, गुडघे गेल्यापासून ती अंगणाबाहेर पडलेली नाही. कपडा कुणी धुतला? कुणीच नाही, कोरा कपडा धुतात कशाला? विहीर तर मी पाहिलीच होती. मी आणखी प्रश्न विचारू शकले असते. विचारले नाहीत, कारण उत्तरं मिळाली असती तर मला त्या ओसरीत बसवलं नसतं.

मी अक्कांच्या कानाशी लागले. "अक्का, मुखवटा आपलाच आहे. जोड दाखवते मी त्यांना. सोमवारपर्यंत थांबायची गरज नाही. मान देऊन, ओटी भरून आपण—"

अक्का माझं ऐकत नव्हत्या. त्या आत गेल्या आणि चौरंगासमोर बसल्या. मग उठून चुलीशी बसल्या. मग दाराशी. प्रत्येक वेळी मुखवट्याकडे बघायच्या आणि थांबायच्या. हरणाबाई एका जागीच होती.

"सुमनताई, आठे ये," अक्का म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ बसले. "देख."

मी पाहिलं. खोटं का सांगू! शिंपल्याचे ते डोळे म्हातारीवर लागले होते. मी डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. माझ्याकडे नाही, अक्कांकडे नाही. फक्त तिच्याकडे. आमच्या दुकानात तोच मुखवटा आठ-पंधरा दिवस फळीवर होता, आणि त्याची नजर चुकवायला मी त्यावर फडकं टाकायचे.

"ती मनाकडे देखत नही," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता.

हरणाबाईनं आत्ता पहिल्यांदा मान वळवली. तिला सगळं समजलं होतं. पिठाचे हात तिनं पदराखाली घेतले, जसं काही चोरलेलं असावं. "ही तुम्हनी शे का, अक्का?" तिनं विचारलं.

अक्का उभ्या राहिल्या. पदर सावरला. "नही," म्हणाल्या. "मनी येगळी व्हती. मनीनं नाक मोठं व्हतं."

मी तोंड उघडलं आणि अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

आम्ही परत फाट्यावर आलो. निंबाखाली गाडीची वाट बघत उभे होतो. अक्कांनी माझ्यासमोर हात पसरला.

"मनं पार्सल हरायनं," त्या म्हणाल्या. "मना पैसा दी टाक."

कालपासून जी बाई पैशाला हात लावत नव्हती, ती मागत होती. मला समजायला एक क्षण लागला. पैसे घेतले की वस्तू गेली, हे कबूल झालं. मग उद्या दीर आला, भाऊबंद आले, अगदी त्यांचं स्वतःचं मन आलं, तरी त्या मळ्यातल्या घराकडे कुणाला जाता येणार नव्हतं. माझ्या पिशवीत ह्यांनी दिलेली पैशांची पुडी होती. ती मी तशीच अक्कांच्या हातात ठेवली. त्यांनी पदराला गाठ मारली, निंबाला टेकल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या. नानांनी गाडीला हात केला.

संध्याकाळी घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं, "डोळे तुम्ही बदलले होते का? डोळे धरून ठेवणारी आतली लाख सैल झाली होती का?"

ते कानशीवरची धूळ झटकत होते. म्हणाले, "नथीचं भोक सोडून मी कशाला हात लावला नाही. डोळ्यांना तर नाहीच. का?"

त्या दिवसापासून मी खणाचं टोक आत शिवायला लागले. नंतर महिन्याभरात एक प्रभावळ चेपून आली, मग पुन्हा बाहेर ठेवायला लागले.

केसरअक्का ह्यांच्या नियमाप्रमाणे पुन्हा दुकानात आल्या नाहीत. बातमी नानांकडून यायची. त्या रविवारी अक्कांनी चौरंगावर नारळ बसवला, काजळानं डोळे काढले. पहिल्या वर्षी निम्मे भाऊबंद आले. पुढच्या वर्षी दिरानं नवा मुखवटा आणला, तोही आमच्याकडून नाही, आणि सगळे तिकडे गेले. अक्का एकट्याच रोट करायच्या. रोट पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात आणि परक्याला देता येत नाहीत. एकट्या बाईनं ते कसे संपवले असतील हा विचार माझ्या मनात दर श्रावणात यायचा आणि मला घास जायचा नाही.

अशी बरीच वर्षं गेली. हे गेले. मी एकटी दुकान बघत होते, घडवलेला माल बाहेरून आणत होते. चैत्रातल्या एका दुपारी, जळगावचं ऊन तुम्हाला माहीत आहे, चिंधूनाना दुकानात आले. आता त्यांना नीट दिसत नव्हतं. डोक्यावर गाठोडं होतं.

"फाटावर धुडकूआबा उभा व्हता," ते म्हणाले. "हरणाबाई माघमा गयी. तेनी हाई दिधं. म्हने, जेनं तेले पोचाडा. गाडीमा मी बठनूच नही बाई. उभाच उनू."

गाठोडं हिरव्या लुगड्यात शिवलेलं होतं. पुरुषी, लांब लांब, वाकडे टाके. वर मांजरपाटाचा एक तुकडा जोडला होता आणि त्यावर आमचा लाखेचा शिक्का, जसाच्या तसा. पत्ता म्हणून आबांकडे तेवढाच होता. लाल खणाचं टोक त्यांनी आठवणीनं बाहेर ठेवलं होतं.

मी गाठोडं उचललं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं, आणि लुगडं माझ्या हाताला गार आणि ओलं लागलं.

मी ते उलगडलं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच घेऊन शिंदखेड्याच्या गाडीत बसले. शेजारची जागा रिकामी राहिली तिथे पिशवी ठेवली.

अक्का खूप वाकल्या होत्या. ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. त्यांनी गाठोडं पाहिलं, टोक पाहिलं, आणि आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. त्यांनी माझ्या पायांवर नाही, गाठोड्यापुढे पाण्याची धार सोडली.

मुखवटा चौरंगावर ठेवला. त्या चुलीपुढे जाऊन बसल्या. मग हळूहळू सरकत दाराशी आल्या. मी भिंतीला टेकून बघत होते. आतली लाख तशीच होती, डोळ्यांना कुणी हात लावलेला नव्हता, ज्यांनी लावला असता ते हातच आता नव्हते. शिंपल्याचे ते डोळे अक्कांबरोबर चुलीपर्यंत गेले आणि दारापर्यंत आले.

अक्का उठल्या. फडताळातून एक चिंधी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मी निंबाखाली दिलेली पुडी, ह्यांच्या हातची गाठ अजून तशीच.

"अक्का, हे तुमचे. पार्सल हरवलं होतं," मी म्हणाले. "आमचा नियम आहे."

"हरायनी नव्हती व ताई," त्या म्हणाल्या. "माहेरले गयी व्हती."

मी पैसे घेतले. इतक्या वर्षांच्या धंद्यात परतावा परत आणून देणारं तेवढं एकच गिऱ्हाईक. हिरवं लुगडं अक्कांनी दोरीवर टाकलं, आणि मी निघेपर्यंत ते वाळलं होतं.